प्री-वेडिंगचा फोटो बघताना रंगात आणि फ्रेममध्ये काय शोधायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लग्न ठरलेली जोडपी, नुकताच कॅमेरा घेतलेली पोरं, कधीकधी नवरीची आईसुद्धा, सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून हेच असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहून ठेवतोय. इथे फक्त बाहेर, उघड्यावर काढलेल्या जोडप्याच्या फोटोबद्दल बोलतोय, स्टुडिओतलं गणित वेगळं असतं.

फोटो समोर आला की सगळ्यात आधी काय बघायचं?

नजर कुठे जाते ते. फोटो स्क्रीनवर अगदी नखाएवढा करा, डोळे थोडे बारीक करा आणि पहिल्या झटक्यात काय दिसतं ते स्वतःशी बोला. चेहरे किंवा हात दिसले तर फोटोत दम आहे, बाकीची कामं नंतर करता येतात. पण आधी मागची पाण्याची टाकी दिसली, पांढरी गाडी दिसली, किंवा नुसतीच भरजरी साडी दिसली आणि माणसं नंतर सापडली, तर मग लेन्स कितीही महागाची असो, फोटो अजून झालेला नाही. रंग वेगळा विषय आणि कंपोझिशन, म्हणजे फ्रेममधली मांडणी, वेगळा अशा दोन याद्या करू नका. जोडप्याच्या फोटोत दोघांचं काम एकच, बघणाऱ्याला त्या दोघांमध्ये जे चाललंय तिथपर्यंत आणून सोडायचं. मी पुढे जे काही सांगतोय ते सगळं याच एका गोष्टीवर तपासून बघा.

बोलायला एखादं उदाहरण द्या ना?

वाईजवळचा मेणवलीचा घाट घेऊ. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णा, काळ्या दगडाच्या पायऱ्या, त्यामुळे प्री-वेडिंगवाल्यांची तिथे कायम ये-जा असते. समजा फोटो असाय: ती वरच्या पायरीवर बसलीय, जांभळी-हिरवी धूपछाव पैठणी, तो दोन पायऱ्या खाली, पांढराशुभ्र कुर्ता, संध्याकाळचं ऊन डावीकडून येतंय, ती मान झुकवून त्याच्याकडे बघतेय आणि तो वर तिच्याकडे. मागे नदी, पलीकडे झाडी, आणि उजव्या कोपऱ्यात कुणीतरी वाळत टाकलेली भगवी चादर.

यातलं चांगलं काय, तर दोघांच्या उंचीत फरक आहे आणि त्यामुळे एका चेहऱ्यावरून दुसऱ्याकडे एक तिरकी रेघ तयार होते, पायऱ्यांच्या सगळ्या रेघा आडव्या असल्याने ही एकच तिरकी रेघ उठून दिसते, पोज छान बसलीय. गडबड उजेडाची आहे. काळा दगड जास्त असला की कॅमेरा समजतो सीन अंधारा आहे आणि एक्सपोजर (फोटोत येणारा उजेड) वाढवतो, मग कुर्ता जळतो, त्यातली शिवण, बटणं काहीच उरत नाही, आणि नजर थेट त्याच्या छातीवर जाऊन बसते. दुसरा नंबर भगव्या चादरीचा. तिचा चेहरा तिसरा. म्हणजे फोटोत ज्याच्यासाठी गेलो ते तिसऱ्या नंबरवर! उपाय अवघड नाहीत: कुर्ता पांढऱ्याऐवजी मोतिया किंवा फिकट बदामी, एक्सपोजर अर्धा-पाऊण स्टॉप (उजेड मोजायचं माप, एक स्टॉप खाली म्हणजे उजेड निम्मा) खाली, आणि कॅमेरा दोन पावलं उजवीकडे सरकून डावीकडे वळवला की चादर फ्रेमबाहेर. चादर नंतर एडिटमध्ये पुसता येते हे मला माहितीये, पण जागेवर दोन पावलं टाकणं सोपं असतं आणि एकदा पावलं टाकायची सवय लागली की प्रत्येक फोटो सुधारतो.

पैठणीचा रंग प्रत्येक फोटोत वेगळा येतो, कॅमेऱ्यात प्रॉब्लेम आहे का?

नाही. धूपछाव पैठणीत उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो, त्यामुळे कापड ज्या कोनात वळेल तसा रंग बदलतो, आणि ती विणणाऱ्याने मुद्दाम केलेली कमाल आहे. त्यामुळे एडिट करताना सगळे फोटो एकाच जांभळ्यावर आणून बसवू नका, उलट एका फ्रेममध्ये पदर आणि निऱ्या दोन वेगळ्या रंगांत दिसत असतील तर ती त्या फोटोची श्रीमंती समजा. फक्त जरीच्या काठाकडे लक्ष ठेवा, थेट ऊन पडलं की जर आरशासारखी चमकते आणि पांढरे डाग पडतात, तिला जरासं वळून बसायला सांगितलं की बहुतेक वेळा काम होतं.

लाल साडी म्हणजे नुसता लाल ठिपका दिसतो, विणकाम गायब. असं का?

ही तक्रार फार येते. कॅमेऱ्यात लाल, हिरवा आणि निळा असे तीन चॅनेल असतात आणि भडक लाल कपड्यावर ऊन पडलं की लाल चॅनेल पार भरून जातो, बाकीचे दोन मात्र निवांत असतात. तुम्ही नुसता पांढरा हिस्टोग्राम (फोटोत कुठे किती उजेड आहे ते दाखवणारा आलेख) बघितला तर तो म्हणेल सगळं ठीक आहे. म्हणून कॅमेऱ्यात आरजीबी हिस्टोग्राम चालू करा, लाल रंगाचा ढिगारा उजव्या भिंतीला चिकटलेला दिसला की एक्सपोजर कमी करा, आणि रॉमध्ये (कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये) शूट करा. एडिटला सॅच्युरेशन वाढवून साडी 'उठवायला' जाऊ नका, उरलेसुरले पोतही त्यात जाते.

पावसाळ्यात हिरवळीवर काढलेल्या फोटोत चेहरे आजारी का दिसतात?

कारण गवत हिरवा उजेड वर फेकतं. आपल्याकडे जुलै-ऑगस्टात सह्याद्रीत सगळीकडेच गवत, पायाखाली हिरवं, बाजूला हिरवं, वर ढग, मग हनुवटीखाली, गळ्यावर, डोळ्यांखाली हिरवट झाक येते आणि माणूस दोन दिवस तापात असल्यासारखा वाटतो. व्हाइट बॅलन्स (रंगांचा एकूण तोल) अख्ख्या फोटोचा बदलला तर चेहरा सुधारतो पण डोंगर मळकट होतात, म्हणून टिंट मजेंटाकडे (गुलाबी-जांभळ्याकडे) न्यायची ती फक्त चेहऱ्यावर आणि गळ्यावर मास्क लावून, म्हणजे तेवढाच भाग निवडून, तीही अगदी थोडी. त्याहून बरं म्हणजे जोडप्याला गवतातून उचलून मातीच्या पायवाटेवर किंवा दगडावर उभं करा, हिरवं मागे राहू दे. पांढरा रिफ्लेक्टर असेल तर कमरेच्या खाली धरा.

कोकणात याच्या उलट होतं. जांभ्याच्या लाल जमिनीवरून उबदार उजेड वर येतो, त्वचेला तो छान मानवतो, पण पांढरा शर्ट खालून नारिंगी होतो. तेवढं चालतं, मी तरी तो पूर्ण काढून टाकत नाही, त्या जागेचा तो रंग आहे.

आणि ढगाळ दिवशी एक लक्षात ठेवा, उजेड मऊ असतो हे खरं पण तो डोक्यावरून येतो, डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. हनुवटी थोडी वर करायला सांगा किंवा झाडाच्या नाहीतर पडवीच्या कडेला उभं करा म्हणजे उजेड समोरून येईल.

एडिटमध्ये थोडं गोरं करून मिळेल का?

मी नाही म्हणतो, आणि का ते सांगतो. आपली त्वचा एडिटिंगच्या भाषेत बहुतेक ऑरेंज आणि थोडी यलोमध्ये बसते. ऑरेंजचा उजेड वर ढकलला की त्वचा उजळते पण गालाचा उतार, नाकाची सावली, ओठांच्या कडेचा फरक सगळं सपाट होतं, आणि चेहरा कागदाचा वाटायला लागतो. वर हात तसेच राहिले तर चेहरा एकाचा आणि हात दुसऱ्याचे. सावळ्या त्वचेवर संध्याकाळच्या उन्हाची जी कड चमकते, कपाळावर, गालफडावर, ती गोऱ्या रंगावर इतकी सुंदर दिसत नाही, हे मी मनापासून सांगतोय. फोटोवर मत देताना 'चेहरा डार्क आलाय' असं कुणी म्हणालं तर विचारा, उजेड कमी पडलाय की रंग सावळा आहे? पहिली चूक आहे, दुसरी चूकच नाही.

तो ऑरेंज-टील प्रीसेट सगळीकडे दिसतो, वापरावा का?

प्रीसेट म्हणजे एका क्लिकवर लागणारं तयार एडिट, आणि यामागचा विचार चुकीचा नाही. त्वचा नारिंगीच्या घरातली, रंगचक्रात तिच्या समोर निळा-हिरवा, मागचं सगळं तिकडे ढकललं की माणसं पुढे येतात. वाळवंटात, शहराच्या रात्रीच्या दिव्यांत जमतं. पण आपल्याकडच्या श्रावणातल्या डोंगरावर तो लावला की कोवळं पोपटी गवत खाकी होतं, मेणवलीच्या पायऱ्यांचा काळा दगड निळा पडतो, हळदीकुंकू सगळं एकाच विटकरी रंगात जातं, आणि फोटो नेमका कुठला ते कळत नाही. दूरचे डोंगर तसेही हवेमुळे निळसर दिसतातच, ती निळाई फुकट मिळालेली आहे, तीच जरा जपली तरी माणसं पुढे येतात. प्रीसेट लावायचाच तर तीस-चाळीस टक्क्यांवर लावा आणि मग साडीचा खरा रंग शेजारी ठेवून बघा.

शूटसाठी कपडे कुठल्या रंगाचे घ्यावेत?

आधी जागा ठरवा, मग कपडे. फ्रान्समध्ये शेव्रल नावाचे रसायनतज्ज्ञ गोबेलँच्या भिंतीवर लावायचे विणलेले पडदे बनवणाऱ्या कारखान्यात रंगाई बघायचे, तिथे तक्रार आली की काळा धागा फिका दिसतो, त्यांनी तपासलं तर धागा बरोबर होता, शेजारच्या रंगांमुळे तो तसा दिसत होता. १८३९ साली त्यांनी यावर सविस्तर लिहून ठेवलं आणि पुढे चित्रकारांनी ते उचललं. आपल्या कामाचं त्यात हेच, की कुठलाही रंग एकटा बघून घेऊ नका. दुकानात गोड वाटलेला पोपटी कुर्ता पावसाळी माळावर गवतात विरघळून जातो. एप्रिल-मेमध्ये बहावा फुललेला असताना त्याच्याखाली पिवळा कुर्ता घातला तर झाड आणि माणूस एक होतात, तिथे गडद निळा किंवा वांगी रंग बघा कसा उभा राहतो.

दोघांनी एकसारखे कपडे घालण्याची फॅशन आहे, मला ती फारशी पटत नाही, एकमेकांना चिकटून बसल्यावर दोन शरीरांचा एक गोळा होतो आणि कुणाचा हात कुणाचा ते कळत नाही. एकाच्या कपड्यात दुसऱ्याचा रंग थोडासा असू दे, तिच्या काठाचा रंग त्याच्या जाकिटात, एवढं पुरे.

रूल ऑफ थर्ड्स पाळलाच पाहिजे का?

नाही. फ्रेमचे उभे-आडवे तीन-तीन भाग करायचे आणि मुख्य गोष्ट त्या रेघांवर ठेवायची, असा हा नियम. १७९७ साली जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने हे नाव दिलं तेव्हा तो निसर्गचित्रांबद्दल बोलत होता, आकाश किती, जमीन किती, उजेड-सावलीचं प्रमाण काय, असं. जोडप्याला ग्रिडच्या रेघेवर बसवलं की फोटो चांगला झाला असं काही नसतं. वाड्याचा दरवाजा, दोन्हीकडे सारखे खांब, अशी जागा असेल तर त्यांना बरोबर मधोमध उभं करा, ते जास्त ठाम दिसतं. बाजूला ठेवायचं तर रिकाम्या बाजूला काहीतरी कारण हवं, नदी हवी, वाट हवी, नाहीतर त्यांची नजर तिकडे जात असायला हवी.

दोघं जवळ आहेत, तरी फोटोत प्रेम दिसत नाही. कंपोझिशनमध्ये काय चुकतं?

हाच प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा लांब उत्तर देतो.

दोन चेहऱ्यांमध्ये जी मोकळी जागा असते ती नीट बघा, ती पण एक आकार आहे आणि बघणाऱ्याचा डोळा तिथेच रेंगाळतो. त्या फटीतून मागचं चमकतं पाणी किंवा पांढरं आकाश दिसत असेल तर तिथे उजेडाची एक पट्टी तयार होते आणि दोघं तोडल्यासारखे दिसतात. हीच फट गडद असेल, मागे झाडी असेल, तर दोन चेहरे आपोआप जोडले जातात. मेणवलीच्या त्या फोटोत फोटोग्राफर थोडा वर चढला असता तर दोघांच्या मधे चमकत्या नदीऐवजी सावलीतल्या पायऱ्या आल्या असत्या, तेवढ्यानेच फरक पडला असता.

कपाळाला कपाळ लावलेली पोज तर प्रत्येक अल्बममध्ये असते आणि अर्ध्या फोटोंमध्ये ती फसते, कारण कॅमेरा तिरका उभा असतो, मग एकाचं नाक दुसऱ्याच्या गालात घुसतं आणि एक चेहरा अर्धा गायब. कॅमेरा दोघांना बरोबर काटकोनात आणा, दोन नाकांमध्ये उजेडाची बारीकशी रेघ दिसली पाहिजे, तेवढी एक रेघ मात्र हवीच.

मग हात. लोक चेहऱ्यांवर बोलतात आणि हात विसरतात. त्याचा हात तिच्या कमरेमागे गेला आणि बोटांची फक्त टोकं पुढे आली तर ती कुणाची बोटं असा प्रश्न पडतो, एकतर हात पूर्ण दिसू दे नाहीतर पूर्ण लपू दे. हाताची पाठ कॅमेऱ्याकडे आली की हात मोठा आणि जड दिसतो, कड दिसली की हलका. मेंदीचा फोटो असेल तेव्हा अर्थात गोष्ट वेगळी. आणि पकड घट्ट आहे की नुसती पोजसाठी ठेवलीय हे हातावरून लगेच कळतं, ते एडिटमध्ये आणता येत नाही, त्यांना काहीतरी बोलायला लावा, चालायला लावा, पोज मोडली की पुढच्या दोन सेकंदांत खरा फोटो असतो.

नजरेचंही बघा. दोघं दोन दिशांना फ्रेमबाहेर बघत असतील तर बघणाराही बाहेर जातो. एक जण दुसऱ्याकडे आणि दुसरा लांब नदीकडे, हे मात्र चालतं, खूपदा दोघं एकमेकांकडे बघण्यापेक्षा तेच जास्त खरं वाटतं.

क्रॉप कुठे करायचा?

सांध्यावर नको. मनगट, कोपर, गुडघा, घोटा इथे फ्रेम कापली की अवयव तुटल्यासारखा वाटतो, मांडीच्या मध्यावर कापा, दंडाच्या मध्यावर कापा. मागची क्षितिजाची रेघ मानेतून जाऊ देऊ नका, डोक्याच्या वर नाहीतर खांद्यांच्या खाली. आणि डोक्यातून उगवलेलं झाड किंवा विजेचा खांब, हे बघायला शटर दाबायच्या आधी एक सेकंद पुरतो.

बोके मस्त आलाय पण एकाच चेहऱ्यावर फोकस आहे. लेन्स बदलू का?

लेन्स ठीक आहे. बोके म्हणजे मागचा धूसरपणा, आणि तो जितका जास्त तितकी फोकसची जागा कमी. फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) ८५ एमएम लेन्स, एफ १.८ (आकडा लहान म्हणजे लेन्स जास्त उघडी), माणूस दोन मीटरवर, म्हणजे फोकसमध्ये असलेली जागा साधारण ६ सेंटिमीटर. दोन डोकी एवढ्या जागेत मावत नाहीत. मागे सरकून तीन मीटरवर या आणि एफ २.८ करा, ती जागा २० सेंटिमीटरच्या आसपास होते, आणि मागचा परिसर लांब असेल तर बोके तरीही राहतो. किंवा दोघांचे डोळे कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर येतील असं बसवा.

समुद्रावर संध्याकाळी काढलेल्या फोटोत चेहरे काळे येतात. काय करायचं?

आपला समुद्र पश्चिमेला आहे, संध्याकाळी सूर्य त्यातच बुडतो, म्हणजे पाणी मागे घेतलं की चेहऱ्यांवर सावली येणारच. तीन रस्ते आहेत. छायाचित्राऐवजी छायाकृती करायची, मग दोघांच्या बाह्यरेषा वेगळ्या दिसल्या पाहिजेत, मिठी मारलेली छायाकृती म्हणजे एक काळा ढीग होतो. दुसरं, कॅमेऱ्याची पाठ समुद्राकडे करा, ऊन चेहऱ्यांवर आणि मागे सुरूचं बन, हे फार कमी लोक करतात आणि फार सुंदर दिसतं. तिसरं, पाणीच हवंय तर सकाळी या, ऊन किनाऱ्याकडून येतं, चेहरेही उजळ आणि समुद्रही निळा. सूर्य बुडाल्यानंतरची पंधरा-वीस मिनिटं पण सोडू नका, सगळे तेव्हा सामान आवरत असतात.

कासला फुलांमध्ये बसून फोटो हवाय.

फुलांमध्ये बसायचं नाही. कासचं पठार २०१२ पासून पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशाच्या यादीत आहे, मातीचा थर पातळ आहे आणि तुडवलेली जागा भरून यायला वेळ लागतो. वाटेवर उभं राहूनच तो परिणाम मिळतो: जोडपं वाटेवर, तुम्ही लांब वाटेवरच खाली बसा, २०० एमएमच्या आसपासची लेन्स, आणि वाटेच्या कडेचा तेरडा फ्रेमच्या खालच्या भागात धूसर येऊ द्या. दोघं फुलांत बुडाल्यासारखे दिसतात आणि एकही फूल मोडत नाही. तिथे जमिनीवरच गुलाबी, पिवळा, पांढरा इतके रंग असतात की कपडे साधे, एकरंगी हवेत.

रंग बिघडलेत, ब्लॅक अँड व्हाइट करून टाकू?

रंग जातील, वाईट उजेड राहील. शिवाय लाल साडी आणि हिरवं गवत दोन्ही जवळपास सारखेच करडे होतात, म्हणून नुसतं सॅच्युरेशन शून्य न करता प्रत्येक रंगाचा करडेपणा वेगळा ठरवा. चेहऱ्यावरचे भाव आणि हात इतके चांगले असतील की रंग मधे येतोय, तेव्हा जरूर करा.

मित्राने फोटो दाखवला, मत मागितलं. कसं सांगायचं?

'मस्त' आणि 'ठीकाय' सोडून काहीही सांगा. माझी नजर आधी इथे गेली, मग इथे, असं सांगितलं की समोरच्याला वाईटही वाटत नाही आणि काय करायचं तेही कळतं. एका वेळी दोनच गोष्टी सांगा. एक आता एडिटमध्ये होण्यासारखी, एक पुढच्या शूटला करण्यासारखी. आणि त्या जोडप्याच्या दिसण्यावर, जाडीवर, उंचीवर बोलू नका, तो फोटोग्राफरच्या कामाचा भागच नाही.

माझ्या लॅपटॉपवर छान, तिच्या मोबाइलवर भडक, अल्बममध्ये अंधारा. खरा कुठला?

मोबाइलचा डिस्प्ले बहुतेक 'व्हिव्हिड'वर असतो, तो नॅचरल करून बघा, आणि फोटो एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीनना चालणारी रंगांची सेटिंग) एक्सपोर्ट करा. व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा नाहीतर तो फाइल दाबून टाकतो. स्क्रीन स्वतः उजेड देते, कागद देत नाही, त्यामुळे प्रिंट गडदच वाटणार, एडिट करताना स्क्रीनचा ब्राइटनेस निम्म्यावर ठेवा. अल्बम छापायला टाकायच्या आधी दोन-तीन फोटोंच्या ४ बाय ६ प्रिंट काढा, त्यात एक लाल साडीचा, एक हिरवळीतला असू दे, आणि त्या दिवसाउजेडी खिडकीत धरून साडीच्या शेजारी बघा.